वर्तमानकाळातली कबुली

चर्चच्या मंडळीत, प्रभूने आपलं आयुष्य कसं बदललं याची साक्ष द्यायला माणूस उभा राहतो तेव्हा त्याची गोष्ट संपलेली असते. तो दारू प्यायचा, आता पीत नाही. घरात हात उगारायचा, आता बायकोमुलांसोबत पुढच्या बाकावर बसतो. जुगारात होतं नव्हतं ते घालवलं, मग प्रभूने सावरलं. अशा साक्षी मी लहानपणापासून ऐकत आले. त्यांतल्या बहुतेक खऱ्या आहेत याबद्दल मला शंका नाही, कारण काही जणांचं आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही आयुष्यं मी जवळून पाहिली आहेत. पण ‘परवा रात्री मी पुन्हा पडले, आणि आज रात्रीची मला भीती वाटते’ असं कुणी सगळ्यांसमोर म्हणाल्याचं मला आठवत नाही. पाप भूतकाळात गेलं की त्याला माइक मिळतो. जे अजून चालू आहे त्याने कुठे जायचं?

चित्रपटाचं शिक्षण घेणाऱ्या काही ख्रिस्ती मुलामुलींमुळे हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. मी पटकथा लिहायला शिकवते आणि स्वतः मंडळीत वाढलेली आहे, म्हणून ते आपल्या लघुपटाची पटकथा घेऊन माझ्याकडे आले. विषय होता पॉर्न. बाहेरच्या जगातलं नव्हे; उपासनेत गाणी गाणाऱ्या, रविवारच्या शाळेत लहान मुलांना दाविदाची गोष्ट शिकवणाऱ्या, मनापासून प्रार्थना करणाऱ्या माणसाला लागलेली ती पाहण्याची सवय. आणि त्यांची मुख्य व्यक्तिरेखा होती एक तरुण मुलगी.

हा विषय मंडळीत अगदीच निघत नाही असं नाही. तरुणांच्या शिबिरात एखादं सत्र असतं, बहुतेक वेळा फक्त मुलांसाठी. त्या वेळेत मुलींना दुसऱ्या खोलीत शालीनतेबद्दल सांगतात. प्रार्थनागटात कुणी म्हणतं, ‘मी एका गोष्टीशी झगडतोय, आठवण ठेवा.’ ‘एक गोष्ट’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. माना खाली जातात, एक सर्वसाधारण प्रार्थना होते आणि पुढची विनंती कुणाच्या तरी परीक्षेची किंवा नोकरीची असते. ती गोष्ट काय, किती दिवसांपासून, कधी, एकटं असताना की भांडण झाल्यावर, त्यानंतर काय वाटतं, यातलं काही विचारलं जात नाही. विचारायची हिंमत नसते असंही नाही. पुष्कळदा विचारणाऱ्याकडेच तसलीच एक गोष्ट असते.

या मुलांपैकी दिग्दर्शन करणारी मुलगी पाळकांच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या घरातली. पहिल्या भेटीत ती म्हणाली, ‘ताई, आमच्या मंडळीत दारूवर नाटिका होते, हुंड्यावर होते, मोबाइलच्या व्यसनावरसुद्धा होते. त्या मोबाइलवर माणूस बघतो काय, ते कुणी विचारत नाही.’ मी पटकथा वाचायला घेतली ती या वाक्यामुळे.

पटकथेचा पहिला खर्डा चांगला होता, फक्त शेवट साक्षीसारखा होता. मुलगी एका रात्री रडत गुडघे टेकते, खिडकीतून सकाळचं ऊन येतं, ती फोन बंद करून ठेवते आणि पुढच्या रविवारी तिच्या आवाजात नवं सामर्थ्य येतं. त्यांनी हा शेवट खोटेपणाने लिहिला नव्हता. मंडळीत गोष्ट अशीच संपते हे ते ऐकत आले होते, आणि अशी संपली नाही तर पडद्यावर लावू देणार नाहीत हेही त्यांना माहीत होतं. त्या शेवटावर आमची बरीच चर्चा झाली. मुक्ती मिळत नाही असं कुणालाच म्हणायचं नव्हतं. पण जी मुलगी हा लघुपट पाहील, तिने एव्हाना पंचवीस वेळा गुडघे टेकलेले असतील, पंचवीस वेळा तेच ऊन खिडकीतून आलेलं असेल, आणि आठवड्याभरात ती पुन्हा तिथेच असेल. तिला हा शेवट काय सांगेल? हेच, की इतरांची प्रार्थना लागू पडते आणि तुझी पडत नाही.

मग आम्ही पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल उघडलं. प्रेषित पौल रोमकरांस लिहितो, ‘जे चांगले करावेसे मला वाटते ते मी करत नाही, तर करावेसे वाटत नाही असे जे वाईट ते मी करतो.’ सातव्या अध्यायातला हा ‘मी’ म्हणजे ख्रिस्ताला भेटलेला पौल, की नियमशास्त्राखाली असलेला आधीचा माणूस, यावर विद्वानांचा वाद जुना आहे. तो मी सोडवणार नाही. पण वाक्यं वर्तमानकाळात आहेत, आणि ती मंडळीत मोठ्याने वाचण्यासाठी पाठवलेल्या पत्रात आहेत. दुसऱ्या पत्रात हाच पौल देहातल्या काट्याबद्दल लिहितो. तो काटा काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला असं तिथे लिहिलेलं नाही. कृपा पुरेशी आहे एवढं उत्तर आलं.

आणि आरंभीच्या मंडळीतला थोर धर्मशिक्षक ऑगस्टीन. त्याचं मनपरिवर्तन ३८६ सालचं, बाप्तिस्मा ३८७चा. आपल्या आयुष्याची कबुली त्याने लिहिली ती ३९७च्या सुमारास, म्हणजे बिशप झाल्यानंतर. पहिल्या नऊ भागांत गेलेल्या आयुष्याची गोष्ट आहे. तिथे थांबला असता तर ती एक उत्तम साक्ष झाली असती. पण दहाव्या भागात तो आज आपण काय आहोत हे सांगायला लागतो, आणि त्यात लिहितो की जुन्या सवयींची चित्रं अजून स्मरणात जिवंत आहेत, जागेपणी ती दुबळी असतात, झोपेत मात्र जोर धरतात. एका मोठ्या मंडळीचा मेंढपाळ हे आपल्या कळपाला वाचायला देतो आहे. हा भाग वाचून दाखवला तेव्हा एक मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘हे आम्हाला कुणी शिकवलं का नाही?’ माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

शेवट बदलला. त्यात आता गुडघेही नाहीत आणि ऊनही नाही. ती मुलगी मंडळीतल्या एका वयस्क बाईंच्या शेजारी येऊन बसते आणि पहिलं वाक्य बोलते. लघुपट तिथे संपतो. बाई काय उत्तर देतात ते आपल्याला दिसत नाही, कारण ते उत्तर पाहणाऱ्या मंडळीने द्यायचं आहे. मला हा शेवट पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त ख्रिस्ती वाटतो.

या लघुपटाच्या कामात मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते मात्र शेवटाने नाही. दाखवायचं काय, या प्रश्नाने शिकवलं.

जरा विचार करून पाहा. ही पाहण्याच्या पापाची गोष्ट आहे, आणि ती सांगायची आहे ती पाहण्याच्या कलेतून. प्रभू येशू डोंगरावरच्या प्रवचनात नजरेबद्दलच बोलतो: कामेच्छेने पाहिलं की अंतःकरणात व्यभिचार घडून गेला. ईयोब म्हणतो की मी आपल्या डोळ्यांशी करार केला आहे. दाविद राजाचं पतन गच्चीवरून टाकलेल्या एका नजरेतून सुरू होतं. आणि कॅमेरा म्हणजे तरी काय? दुसऱ्याने कुठे, किती वेळ, कोणत्या अंतरावरून पाहायचं, हे ठरवणारं यंत्र. वासनेबद्दल लघुपट करताना कॅमेरा स्वतःच वासनेने पाहायला लागला, तर सगळा उपदेश व्यर्थ.

चित्रकलेत हे शतकानुशतकं घडत आलं आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात, दाविदाने गच्चीवरून पाहिलेल्या बथशेबाबद्दल फार थोडं लिहिलेलं आहे: ती स्नान करत होती, ती दिसायला सुंदर होती, राजाने माणसं पाठवून तिला आणवलं. अपराध राजाचा आहे, शास्त्र तिला दोष देत नाही. पण युरोपातल्या चित्रकारांनी या प्रसंगाचा आधार घेऊन उघड्या स्त्रीदेहाची असंख्य चित्रं काढली, आणि पाहणारा नकळत दाविदाच्या गच्चीवर जाऊन उभा राहिला. सुसान्नेच्या गोष्टीचंही तेच झालं. दोन वडील, म्हणजे समाजातले ज्येष्ठ पुढारी, बागेत लपून तिला पाहतात आणि मग धमकावतात, ही दानिएलाच्या ग्रंथाला जोडलेली गोष्ट कॅथलिक शास्त्रात आहे, प्रॉटेस्टंट शास्त्रात नाही. गोष्टीत गुन्हेगार आहेत ते पाहणारे. कितीतरी चित्रांत मात्र सुसान्नाच जणू पाहणाऱ्यासाठी बसलेली दिसते.

आम्ही दोन चित्रं समोर ठेवली. एक आर्टेमिसिया जेंटिलेस्की या इटालियन चित्रकर्तीचं, १६१०मधलं. ती तेव्हा जेमतेम १७ वर्षांची होती. तिची सुसान्ना कठड्याला टेकून अंग पिळवटते, दोन्ही हात वर करून त्या म्हाताऱ्यांना दूर ढकलू पाहते, चेहऱ्यावर किळस आहे. देह उघडाच आहे, पण त्या देहाकडे मजेने पाहणं शक्य होत नाही. दुसरं डच चित्रकार रेम्ब्रांटचं, बथशेबाचं, १६५४मधलं, आता पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात असतं. तिच्या हातात राजाचं पत्र आहे. राजाने तिला पत्र पाठवल्याचा उल्लेख शास्त्रात नाही, ते चित्रकाराने आणलं. आणि ते पत्र हातात आल्यामुळे आपण तिच्या देहावरून तिच्या चेहऱ्याकडे जातो, कारण तिच्यापुढे काय वाढून ठेवलं आहे ते आपल्याला ठाऊक आहे आणि तिलाही ते उमगायला लागलं आहे. चित्रीकरण करणारा मुलगा त्या पत्राशी अडकून पडला. ‘म्हणजे नजर हटवायला सांगायचं नाही,’ तो म्हणाला, ‘नजरेला जायला दुसरी जागा द्यायची.’ इतक्या नेमक्या शब्दांत मला ते वर्गात कधी सांगता आलं नसतं.

झाकून टाकणं हा मंडळीचा जुना उपाय आहे. मायकेलअँजेलोचं ‘अंतिम न्याय’ हे भित्तिचित्र १५४१मध्ये पूर्ण झालं, आणि १५६५मध्ये दानिएले दा व्होल्तेर्राला त्यातल्या देहांवर वस्त्रं रंगवायला बसवलं. अमेरिकेत १९३०मध्ये चित्रपटांसाठी जी आचारसंहिता स्वीकारली गेली, ती लिहिणाऱ्यांपैकी एक जेझुइट या कॅथलिक संघाचा धर्मगुरू होता, डॅनियल लॉर्ड. १९३४पासून ती कडकपणे लागू झाली आणि १९६८पर्यंत टिकली. तिच्यामागची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. तरुण मनावर पडद्याचा परिणाम होतो, हे त्या लोकांना फार लवकर कळलं होतं. पण काय दाखवायचं नाही याची यादी करून कसं पाहायचं हे कुणाला शिकवता येत नाही. या मुलांच्या हाती शेवटी तेच काम आलं.

त्यांनी एक नियम केला: फोनचा पडदा एकदाही फ्रेममध्ये येणार नाही, आणि त्यातला आवाजही ऐकू येणार नाही. मग उरलं काय? अंधारात चेहऱ्यावर पडलेला निळा उजेड. तो तर प्रत्येक जण दाखवतो. त्यांनी तोही टाकला. त्यांनी चित्रीकरण केलं ते नंतरच्या वेळेचं. ती पुसून टाकते ती ब्राउझरची हिस्ट्री. पहाटे तीन वाजता सकाळच्या गाण्यांची यादी पाठवायची राहिली म्हणून ती त्याच फोनवरून, त्याच अंगठ्याने स्तोत्रांचे क्रमांक टाइप करते. एका मैत्रिणीने सहज फोन मागितल्यावर हात क्षणभर थांबतो. प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ वाटल्या जाणाऱ्या भाकरीची थाळी पुढे सरकत येते आणि ती घसा धरल्याचं सांगून बाहेर निघून जाते. हा थाळीचा शॉट पाहताना मला धस्स झालं. घसा धरल्याचं सांगून बाहेर गेलेल्या किती जणांना मी आजवर फक्त खोकल्याच्या गोळ्या देऊ केल्या असतील, कोण जाणे.

आणि आणखी एक गोष्ट, जी पटकथेत मुळात नव्हती. एका मुलीने मध्येच विचारलं, ‘आपण बघणाऱ्याच्या पवित्रतेबद्दल इतकं बोलतोय, पण तिकडे जी आहे तिचं काय?’ मंडळीतल्या सगळ्या शिकवणुकीत हे हमखास निसटतं. आपण म्हणतो, मन मलिन होतं, लग्नावर परिणाम होतो, साक्ष बिघडते. सगळं खरं आहे. पण पडद्यावर जी व्यक्ती आहे तीही देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेली आहे. ती तिथे स्वखुशीने आहे की फसवून, धाक दाखवून आणलेली आहे, चित्रफीत तिच्या संमतीने टाकली आहे की सूडाने, हे पाहणाऱ्याला कळायचा काहीही मार्ग नसतो. तिचा विचार केला की हे पाप ‘माझ्या मनाची खाजगी अशुद्धता’ एवढंच राहत नाही, त्यात शेजारी येतो. आणि शेजाऱ्यावर प्रीती करायची आज्ञा तर कुणी सत्रापुरती बाजूला ठेवू शकत नाही. लघुपटात यासाठी एकच वाक्य आलं. रविवारच्या शाळेत एक लहान मुलगी बथशेबाबद्दल विचारते, ‘टीचर, तिला यायचं होतं का?’ आणि टीचरला उत्तर देता येत नाही.

लाजेबद्दल थोडं बोलायला हवं, कारण चांगल्या हेतूची माणसं इथेच सर्वाधिक इजा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, स्वतःला आवरता न येणाऱ्या लैंगिक वर्तनाचा विकार नोंदलेला आहे. ते वर्गीकरण २०१९मध्ये स्वीकारलं गेलं आणि १ जानेवारी २०२२पासून लागू आहे. वारंवार प्रयत्न करूनही ताबा न राहणं, आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टी मागे पडणं, आणि हे दीर्घकाळ, सहा महिने किंवा अधिक चालणं, अशी त्याची लक्षणं आहेत. त्यातच एक खुलासा आहे: मनाला होणारा त्रास जर निव्वळ नैतिक नापसंतीतून येत असेल, तर तेवढ्यावरून हे निदान करायचं नाही. जोशुआ ग्रब्स या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातूनही दिसलं आहे की जे लोक पॉर्नला पाप मानतात आणि तरी पाहतात, त्यांची ‘मी व्यसनी आहे’ ही भावना किती पाहिलं यापेक्षा या आतल्या झगड्याशी जास्त जोडलेली असते.

हे वाचून काही जण म्हणतात, मग पाप म्हणणंच सोडून द्या. मी ते म्हणत नाही. मी त्याला पापच म्हणते, आणि वर कारणंही दिली आहेत. पण महिन्यातून एकदा पडणारा एखादा मुलगा स्वतःला कायमचा बिघडलेला समजून मंडळी सोडतो, आणि ज्याला खरोखर समुपदेशकाची, कदाचित डॉक्टरांची गरज आहे त्याला आपण फक्त अजून एक उपवास सुचवतो, हे दोन्ही मी पाहिलं आहे. पाळकाला हा फरक करता यायला हवा. करता येत नसेल तर ज्याला येतो त्याच्याकडे पाठवता यायला हवं. आणि घरात जोडीदार असेल तर त्याची किंवा तिची जखम वेगळी असते. ‘क्षमा कर आणि विसरून जा’ असं तिला पहिल्याच दिवशी सांगणं हा तिच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

पटकथा मंडळीतल्या वडिलांना, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, दाखवली तेव्हा हरकती आल्या. त्या मला वेडगळ वाटल्या नाहीत. एकजण म्हणाले, लहान मुलं बसलेली असतात, ज्याच्या मनात नाही त्याच्याही मनात येईल. लहानांना अडखळवणाऱ्याबद्दल प्रभूने काय म्हटलंय ते आठवा. बरोबर आहे. म्हणून हा लघुपट लहानांसमोर लावायचा नाही, असं मुलांनीच ठरवलं. दुसरे म्हणाले, प्रार्थनामंदिरात पडदा कशाला? इथे मात्र मला राहवलं नाही. मेलबर्नमध्ये मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती संस्थेने १८९२मध्ये चित्रांचा स्वतंत्र विभाग काढला होता, आणि १९००मध्ये आरंभीच्या ख्रिस्ती हुतात्म्यांवर हलती चित्रं, स्लाइड आणि संगीत एकत्र करून मोठा कार्यक्रम उभा केला होता. जगात चित्रपट अजून रांगत होता तेव्हाची ही गोष्ट. पुढे नेतृत्व बदललं, या माध्यमातून सांसारिकपणा शिरतो असं वाटलं आणि १९१०च्या सुमारास तो विभाग बंद झाला. त्याच सुमारास दादासाहेब फाळके ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहत होते, आणि तो पाहता पाहता आपले देव पडद्यावर आणायचं त्यांच्या मनाने घेतलं. म्हणजे ज्या माध्यमाच्या पाळण्याशी आपण उभे होतो, ते आपणच सोडून दिलं.

तिसरी हरकत सगळ्यांत खोल होती. एक शांत स्वभावाचे वडील म्हणाले, ‘गोष्टीपेक्षा वचन सांगा. गोष्टीत माणूस स्वतःला माफ करून घेतो.’ त्यांना दिग्दर्शक मुलीने नाथान संदेष्ट्याची आठवण करून दिली. दाविदाने बथशेबाला आणवलं, तिचा नवरा उरीया याला युद्धात मारवलं, आणि सगळं झाकलं गेलं. नाथान त्याच्याकडे गेला तो आज्ञांची यादी घेऊन गेला नाही. त्याने एका गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली. राजा संतापला, त्याने शिक्षा सुनावली, आणि मगच नाथान म्हणाला, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ गोष्टीने त्याला माफी दिली नाही, न्यायाधीशाच्या आसनावरून आरोपीच्या जागी आणलं. दाविदाच्या पश्चात्तापाचं एकावन्नावं स्तोत्र त्यानंतरचं आहे. वडील हसले आणि म्हणाले, ‘मग लघुपटानंतर नाथानाचं वाक्य कोण म्हणणार, तेही ठरवा.’

खरी अडचण तीच होती. लघुपट माणसाला दारापर्यंत आणू शकतो, पण आत खोली असायला हवी. कॅथलिक मंडळीत ती आहे. १२१५च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापकबुली सक्तीची केली. आपण प्रॉटेस्टंटांनी ती सक्ती काढली, त्यामागे सबळ कारणं होती, पण तिच्या जागी काय ठेवलं? मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने डिसेंबर १७३८मध्ये छोट्या गटांसाठी नियम लिहिले. स्त्रियांचे गट वेगळे, पुरुषांचे वेगळे, विवाहितांचे आणि अविवाहितांचेही वेगळे, आठवड्यातून एकदा भेट. प्रत्येक भेटीत विचारायचं: गेल्या भेटीपासून आपल्याला कळतं असं कोणतं पाप तुझ्या हातून घडलं? कोणते मोह आले? त्यातून सुटका कशी झाली? त्या नियमांतली एक ओळ मला फार मोलाची वाटते. प्रश्न विचारण्याआधी गटातल्या एकाने स्वतःची अवस्था आधी सांगायची, आणि मगच बाकीच्यांना विचारायचं. जर्मन पाळक बोनहॉफरने १९३५ ते १९३७ या काळात फिंकेनवाल्डच्या, नाझी राजवटीने पुढे बेकायदा ठरवलेल्या पाळक-प्रशिक्षणात एकमेकांजवळ पापकबुली करायला शिकवलं. १९३९च्या पुस्तकात त्याने लिहिलं त्याचा आशय असा की धार्मिकांची संगती पाप्याला जागा देत नाही, म्हणून प्रत्येक जण आपलं पाप घेऊन एकटा राहतो. याकोबाच्या पत्रातही एकमेकांजवळ पातकं कबूल करायला सांगितलं आहे ते बरं होण्यासाठी.

म्हणून मुलांनी लघुपटाबरोबर मंडळ्यांना पाठवायचं एक पत्र तयार केलं. पाळकांनी आणि पुढाऱ्यांनी तो आधी पाहायचा. प्रौढांसमोरच लावायचा. संपल्यावर ‘कुणाला हा प्रश्न आहे, हात वर करा’ असं म्हणायचं नाही, पुढे बोलवायचं नाही. प्रशिक्षित समुपदेशक कोण आणि कुठे भेटेल ते आधी सांगून ठेवायचं. पुढच्या आठवड्यात छोटे गट सुरू करायचे, स्त्रियांचा गट नक्की करायचा, ‘गरज वाटली तर’ असं नाही. आणि प्रत्येक गटात जो नेतृत्व करतो त्याने आधी स्वतःबद्दल बोलायचं.

या शेवटच्या अटीवरून एका मंडळीच्या पाळकांनी त्यांना विचारलं आहे: आधी बोलायचं म्हणजे किती बोलायचं? त्यांना टाळायचं नव्हतं, खरोखर जाणून घ्यायचं होतं. मुलांमध्ये त्यावर अजून एकमत नाही. चित्रीकरण करणारा मुलगा म्हणतो, मोह येतो एवढं सांगितलं तरी पुरे. दिग्दर्शक मुलीचं म्हणणं, तेवढं तर पाळक व्यासपीठावरून दर रविवारी सांगतात. जेवढं स्पष्ट तुम्ही बोलाल तेवढंच समोरचा बोलेल. ती पाळकांच्या घरात वाढलेली आहे, ती हे हलकेपणाने बोलत नाही. मला तिचं पटतं. फक्त पाळकांनी गटात बोलायच्या आधी घरी पत्नीशी बोललेलं असलं पाहिजे, तिला ते गटातून कळता कामा नये, एवढी एक ओळ त्या पत्रात वाढवा, असं मी त्यांना सांगितलं आहे.